सीटखालचा बास: लहान सबवूफरची निवड आणि जोडणी

भंडारा असो की नागपूर, सबवूफर मागितला की दुकानदार आधी वॅट सांगतो. खोक्यावर ठळक छापलेला ‘मॅक्स’ आकडा क्षणभराचा असतो. सलग पेलण्याची शक्ती म्हणजे आरएमएस, आणि ती त्याहून बरीच कमी असते. बासच्या दर्जाबद्दल मात्र हे दोन्ही आकडे फारसं काही सांगत नाहीत.

खरी अडचण डब्याच्या आकाराची आहे. केएलएच या अमेरिकी कंपनीच्या नावातला ‘एच’ म्हणजे हॉफमन. त्यांच्या नावाचा एक नियम ध्वनितज्ज्ञ अजून मानतात: खोल बास, छोटा डबा आणि थोड्या विजेत मोठा आवाज, यांपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. सीटखाली मावणारा, 8 इंची पडद्याचा चपटा डबा मोठ्या आवाजावर पाणी सोडतो, आणि खोलीही पुरती गाठत नाही. घराच्या दिवाणखान्यात असा नग बापुडवाणा वाटेल.

गाडीत तसं होत नाही. मोकळ्या जागेत बंद डब्याचा आवाज त्याच्या अनुनाद-वारंवारितेखाली दर सप्तकाला 12 डेसिबलने घसरतो. गाडीच्या केबिनमध्ये, ध्वनीची अर्धी तरंगलांबी केबिनच्या लांबीपेक्षा मोठी झाली, की आतली सगळी हवा एकदम दाबली आणि सोडली जाते. मग पडदा जितका सरकेल तितका दाब कानावर येतो, वारंवारिता कितीही खाली जावो. 35 अंशांच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 352 मीटर जातो, म्हणून 2.7 मीटर लांबीच्या केबिनमध्ये ही सीमा 65 हर्ट्झच्या आसपास पडते. तिच्याखाली केबिन जी भर घालते, तीही सिद्धांताप्रमाणे सप्तकाला 12 डेसिबलच. बंद डबा जिथे गमावतो, तिथे केबिन भरपाई करते. प्रत्यक्षात पत्रा थरथरतो, फटींतून हवा निसटते, काच खाली असते, त्यामुळे भर कमी मिळते. तरी बास गिटारची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झची आहे. तिथवर चांगला 8 इंची नग पोचला म्हणजे गाण्यांसाठी पुरे. म्हणूनच स्वच्छ आवाज हवा असणाऱ्याने छिद्राचा, म्हणजे पोर्टेड, डबा सहसा घेऊ नये. केबिनची भर मिळून त्याचा एखादाच पट्टा फुगतो आणि गाणं घुमत राहतं.

जागा निवडताना डिक्कीपेक्षा सीटखालची जागा मला सरस वाटते. 80 हर्ट्झची तरंगलांबी सुमारे 4.4 मीटर. डिक्कीतला डबा दारातल्या स्पीकरपेक्षा मीटरभर लांब पडला, तर त्याचा आवाज जवळजवळ पाव तरंग उशिरा येतो आणि दोघांचा मेळ बिघडतो. सीटखाली हा फरक नगण्य राहतो. त्यातही डावी पुढची सीट निवडावी. तिथून सैल झालेलं काही चालकाच्या पेडलखाली घरंगळत नाही. बसवण्याआधी सीट पूर्ण मागेपुढे सरकवून पाहावी. मागच्या प्रवाशांसाठीचा एसीचा मार्ग झाकू नये. पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नये, ते एअरबॅगचे असतात. तळात भोक पाडण्यापेक्षा सीटच्याच बोल्टला पट्टी लावलेली बरी, कारण खालून इंधनाची आणि ब्रेकची नळी गेलेली असू शकते.

वायरिंगमध्ये काटकसर नको. 120 वॅट आरएमएसचा क्लास-डी ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात सुमारे 11 अँपिअर ओढतो. 5 मीटर लांब, 4 चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्याच्या तारेत त्याने पाव व्होल्टच घटतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेत त्याच्या सुमारे दीडपट. फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत हवा, कारण तो तारेच्या रक्षणासाठी असतो. अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट बसवावं. कंपनीचा स्टिअरिओ ठेवायचा असेल तर स्पीकरच्या तारेवरून संकेत घेणारा नग पाहावा.

वैनगंगेकाठचा उन्हाळा इथे गंमत करतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची केबिन बाहेरच्या हवेपेक्षाही बरीच तापते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. पडद्यामागची कॉइल 100 अंशांनी तापली तर आवाज जवळपास 3 डेसिबलने पडतो. ‘दुपारी बास मरतो’ ही तक्रार त्यामुळे खोटी म्हणता येत नाही. त्यावर आवाज वाढवला की कॉइल आणखी तापते, म्हणून आधी गाडी थंड होऊ द्यावी.

जुळणीसाठी सबवूफरचा लो-पास 80 हर्ट्झवर आणि दारातल्या स्पीकरांचा हाय-पास तिथेच ठेवावा. 120 च्या वर गेलं की आवाज सीटखालून येतोय हे कान ओळखतो. मग फेजचं बटण 0 आणि 180 वर फिरवून, चालकाच्या जागी बसून, 80 च्या आसपासचा स्वर ज्या स्थितीत भरदार वाटेल ती राखावी. पातळी उभ्या गाडीत ठरवून भागत नाही. राष्ट्रीय महामार्ग 53 वरून नागपूरकडे निघालं की टायरांची घरघर नेमकी खालच्याच स्वरांना झाकते. पातळीची वेगळी गुंडी म्हणूनच हाताशी हवी, गावात खाली आणि महामार्गावर थोडी वर.