मताचे मोल आणि मोजणीची रीत

आमच्या हिंगोलीकडे कयाधूच्या काठी दोन भावांत शेताची वाटणी निघाली, तर जाणता माणूस एवढेच सुचवील की, एकाने वाटे पाडावेत आणि दुसऱ्याने आधी उचलावा. उरलेला वाटा आपल्याच पदरी येणार हे ठाऊक असल्यामुळे वाटे पाडणाऱ्याचा हात न्यायानेच चालतो. येथे न्याय माणसाच्या मनावर नव्हे, रीतीवर सोपविलेला असतो. राज्यसत्तेची वाटणी मतांनी होते. तेथेही रीत केवढी निर्णायक ठरते, याचा मोठा दाखला मुंबई इलाख्याच्या इतिहासात आहे.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यास झालेल्या पुणे कराराने अस्पृश्य वर्गास प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. मात्र अंतिम निवडणूक संयुक्त मतदारसंघातून व्हावयाची होती. मतदाराने आपली मते कशी वाटावीत, याविषयी करार मौन होता. मुंबई इलाख्यात पुढे एकत्रित मतदानाची पद्धत आली. जितक्या जागा तितकी मते, आणि ती सारी एकाच उमेदवारास देण्याची मुभा. १९३७ साली डॉ. आंबेडकर मुंबईतून याच पद्धतीने निवडून आले.

यातील गणित शाळकरी मुलासही उमगेल. समजा, मतदार १०० आणि जागा दोन. पैकी एक राखीव. ३५ मतदारांनी आपली दोन्ही मते आपल्या विश्वासाच्या राखीव उमेदवारास दिली, तर त्यास ७० मिळतात. उरलेल्या ६५ जणांची १३० मते त्यांच्या दोन उमेदवारांत सारखी विभागली, तर प्रत्येकी ६५च. म्हणजे ३५ जणांचा माणूस निवडून येतो. परंतु एका उमेदवारास एकच मत द्यावे असा नियम केला, की त्याची मते ३५ आणि प्रतिस्पर्ध्याची ६५. जागा राखीवच राहते. तीवर कोणी बसावे, हे मात्र दुसरेच ठरवितात. मतदार तेच, मने तीच, निकाल उलटा !

स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या कायद्याने ही दुसरी रीत स्वीकारली. १९५२ साली उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात राखीव जागेसाठी नारायण काजरोळकरांना १,३८,१३७ आणि डॉ. आंबेडकरांना १,२३,५७६ मते पडली. पराभवाचे सारे खापर रीतीवर फोडणे न्यायाचे होणार नाही. पण तिचा विचार टाळणेही शहाणपणाचे नव्हे. पुढे १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच मोडले.

वाटे उचलून झाल्यावर रीतीचा वाद व्यर्थ होय. ती आधी ठरवावी. आणि उरलेला वाटा आपल्याच पदरी येणार आहे, असे मानून ठरवावी.