एर्न्स्टचा पक्षी

ख्रिस्ती चित्रकलेत कबुतर हे पवित्र आत्म्याचे प्रतीक होय. जर्मनीतील ब्र्यूल येथे १८९१ साली एका कॅथलिक शिक्षकाच्या घरी जन्मलेल्या माक्स एर्न्स्ट या अतिवास्तववादी चित्रकाराचा पक्षी मात्र भय घेऊन येतो. १९०६ साली त्याचा लाडका काकाकुवा मेला आणि त्याच सुमारास धाकटी बहीण जन्मली. तेव्हापासून आपल्या मनात पक्षी व माणूस यांची सरमिसळ झाली, असे त्याने लिहून ठेवले आहे. १९२४ सालच्या त्याच्या चित्रात इवल्याशा नाइटिंगेल पक्ष्याला भिऊन मुलगी सुरी उगारते. पुढे ‘लोपलोप’ हा पक्षी तर त्याचे दुसरे रूपच ठरला. बालमनावरचा घाव आपण किरकोळ मानतो. तो आयुष्यभर पंख फडफडवीत राहतो.