नेवाळकरांची वाट : कोट, पारोळा, झाशी, इंदूर

धुळ्याहून जळगावला जाताना पारोळा लागतं. गावात, अगदी बाजारपेठेला लागून, भुईकोट किल्ला आहे. तुमच्यातल्या बहुतेकांनी तो एसटीच्या खिडकीतून तरी पाहिला असेल. या किल्ल्याबद्दल आपल्याकडे हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘हा झाशीच्या राणीच्या वडिलांचा किल्ला.’ पर्यटनाच्या माहितीपत्रकांतही हे छापलेलं असतं.

हे वाक्य बरोबर नाही. पण ते आलं कुठून, हे शोधायला लागलं की एका कुटुंबाचा दीडशे वर्षांचा प्रवास हाती लागतो. आज त्याच प्रवासाबद्दल बोलू.

आधी वडिलांचं बघू. राणी लक्ष्मीबाईंचे वडील मोरोपंत तांबे. ही मंडळी मूळची सातारा भागातली. दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा काशीला राहायला गेले, त्यांच्या आश्रयाला मोरोपंत होते. मणिकर्णिकेचा जन्म काशीचा, बालपण ब्रह्मावर्ताचं. या सगळ्यात पारोळा कुठंच येत नाही. पारोळा येतं ते लग्नानंतर, नेवाळकरांच्या बाजूनं. म्हणजे खानदेशाचं राणीशी नातं आहे ते सासरचं. आपण उगाच माहेर सांगत बसतो. सासर म्हटलं म्हणून आपला मान कमी होत नाही. उलट गोष्ट जास्त मोठी होते.

नेवाळकर हे कऱ्हाडे ब्राह्मण. मूळ गाव कोट. ते आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यात येतं. तिथले लोकही कोटला ‘राणीचं सासर’ म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. पेशवाईच्या सुरुवातीच्या काळात कोकणातली असंख्य घराणी घाट चढून वर आली. भातशेती तुटपुंजी, भाऊबंद वाढलेले, आणि वर देशावर लिहिता-वाचता येणाऱ्याला आणि तलवार धरता येणाऱ्याला चाकरी मिळत होती. नेवाळकरांतले काही जण असेच खानदेशात आले आणि पेशवे-होळकरांच्या फौजांत त्यांनी जागा मिळवल्या.

खानदेशच का? नकाशा डोळ्यांसमोर आणा. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी रस्ता तापीच्या खोऱ्यातून जातो. दक्षिणेतून माळव्यात जाणारी फौज थाळनेर-शिरपूरकडून सेंधव्याचा घाट चढते. पुण्याहून उत्तरेला निघालेल्या माणसाला खानदेश ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. आपण समजतो की आपला मुलूख कडेला आहे. अठराव्या शतकात तो मराठी राज्याचा उत्तर दरवाजा होता, आणि दरवाजात बसलेल्या माणसाला आतबाहेर जाणारे सगळे दिसतात.

आता किल्ल्याचं साल. गॅझेटियरमध्ये पारोळ्याचा किल्ला 1727 मध्ये जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला, असं दिलेलं आहे. पन्नासेक घरांचं खेडं होतं, त्याचं त्यांनी तटबंदीचं शहर केलं. सालाबद्दल मला शंका आहे. 1727 मध्ये खानदेश नावाला तरी निजामाकडे होता. मराठ्यांचा हक्क चौथाई-सरदेशमुखीचा. पालखेडची लढाई 1728 ची, आणि भालकीचा तह 1752 चा. एवढा खंदकवाला किल्ला तेव्हा एका चाकरीवर आलेल्या घराण्यानं उभा केला असेल, तर त्यांचं वजन आपण समजतो त्याहून फार मोठं होतं. नाहीतर बांधकाम बरंच नंतर संपलं असणार.

नावातही गंमत आहे. ‘हरी सदाशिव दामोदर’ हे एका माणसाचं नाव म्हणून विचित्र वाटतं. पण नेवाळकरांची वंशावळ बघा. दामोदरपंतांना तीन मुलगे : राघोपंत, सदाशिवपंत आणि हरिपंत. माझं अनुमान असं, की इंग्रज अधिकाऱ्याला कुणीतरी ‘दामोदराचे हरी आणि सदाशिव’ असं सांगितलं आणि त्यानं त्याचा एक माणूस करून टाकला. हे अनुमान आहे, पुरावा नाही. पण पटण्यासारखं आहे.

या तीन भावांपासून वाटा फुटल्या. सदाशिवपंतांची शाखा पारोळ्याला राहिली. हरिपंतांचे मुलगे उत्तरेला गेले.

उत्तरेत झाशी आधीच खानदेशाच्या ओळखीची झाली होती. 1742 मध्ये पेशव्यांनी नारोशंकर राजेबहादूर यांना तिकडं नेमलं. हे तेच, ज्यांचा मालेगावचा किल्ला आणि नाशिकचं नारोशंकराचं देऊळ. मालेगाव तेव्हा खानदेशातच मोडायचं. नारोशंकरांनी झाशीचा किल्ला वाढवला आणि खाली शहर वसवलं. पुढं 1770 च्या सुमारास हरिपंतांचे पुत्र रघुनाथ हरी नेवाळकर झाशीचे सुभेदार झाले. त्यांच्यामागे धाकटे भाऊ शिवराव भाऊ. मग शिवरावांचे नातू रामचंद्रराव. 1817 च्या तहात कंपनीनं रामचंद्रराव आणि त्यांच्या वारसांचा वंशपरंपरागत हक्क मान्य केला. 1835 मध्ये रामचंद्रराव गेले, मग चुलते रघुनाथराव, मग 1838 पासून दुसरे चुलते गंगाधरराव. 1842 मध्ये गंगाधररावांचं मणिकर्णिकेशी लग्न. घराण्यानं बरोबर काय नेलं, तर कुलदैवत नेलं. झाशीतलं महालक्ष्मीचं देऊळ त्यांचं. विष्णुभट गोडसे ‘माझा प्रवास’मध्ये त्या देवळाबद्दल लिहितात. हे गोडसेभटजीही कोकणातले, वरसईचे, कर्जापायी बाहेर पडलेले. बुंदेलखंडात जाऊन त्यांना आपल्या भाषेचं, आपल्या सणवारांचं गाव सापडलं.

इथं जरा बाहेरचं एक उदाहरण देतो. अमेरिकेत क्वेकर नावाचा ख्रिस्ती पंथ होता. युद्धाला विरोध, पुरोहित नाही, मौनात प्रार्थना. त्यांच्यात एक पद्धत होती : कुटुंब गाव सोडून निघालं की स्थानिक सभा त्यांना दाखला द्यायची, आणि नव्या गावची सभा तो नोंदवून घ्यायची. त्यामुळे इंग्लंडहून पेनसिल्व्हेनिया, तिथून व्हर्जिनिया, कॅरोलिना, ओहायो असा एखाद्या क्वेकर घराचा माग आजही पानोपान काढता येतो. डॅनियल बून हा प्रसिद्ध वाटाड्या अशाच घरातला. त्याचे आजोबा 1717 मध्ये डेव्हनहून पेनसिल्व्हेनियात आले. 1748 मध्ये बापानं मुलाच्या पंथाबाहेरच्या लग्नाबद्दल माफी मागायला नकार दिला, तर सभेनं त्याला काढून टाकलं. तेही लिहून ठेवलं! दोनेक वर्षांत ते घर दक्षिणेला कॅरोलिनाकडे निघालं.

आपल्याकडे असा निघतानाचा दाखला नाही. कोटहून पहिला नेवाळकर निघाला तेव्हा कुणी काही लिहिलं नाही. आपल्याकडे घराण्याचा प्रवास कागदावर येतो तो भांडणाच्या वेळी, वाटणीच्या वेळी, वारसाच्या वेळी. वंशावळ हे आपल्याकडे फार वेळा दाव्याचं कलम असतं.

झाशीत तेच झालं. गंगाधररावांचा मुलगा 1851 मध्ये जन्मला आणि काही महिन्यांतच गेला. 20 नोव्हेंबर 1853 रोजी, मरणाच्या आदल्या दिवशी, त्यांनी दत्तक घेतलं. मुलगा कुठला? पारोळ्याच्या शाखेतले वासुदेवराव नेवाळकर यांचा आनंदराव, वय पाच वर्षं. त्याचं नाव दामोदरराव ठेवलं. आपण मघाशी पाहिलं, की दोन्ही शाखांचा समान पूर्वज दामोदरपंत. ते नाव ठेवण्यात फाटलेल्या फांद्या जोडण्याचा हेतू असावा, असं मला वाटतं. अर्थात रिवाजही असू शकेल.

कंपनीच्या दफ्तरात मग या पोराचं नातं किती पिढ्यांवरून जुळतं, तो कुणाच्या पोटचा, याची चर्चा सुरू झाली. हिंदू धर्मशास्त्रानं दत्तक चालतं, हे डलहौसीला नाकारता येईना. म्हणून त्यानं मधली वाट काढली : खाजगी मालमत्तेपुरतं दत्तक मान्य, राज्यापुरतं नाही. 1854 मध्ये झाशी खालसा झाली. पारोळ्याची फांदी इतिहासाच्या कागदात ठळक उमटली ती अशी, नकाराच्या निमित्तानं.

दुसऱ्यांदा उमटली ती बंडखोर म्हणून. जून 1857 मध्ये झाशीच्या शिपायांनी उठाव केला, इंग्रज मारले गेले. आठवडाभरात सदाशिवराव नारायण नावाच्या भाऊबंदानं झाशीजवळचा करेऱ्याचा किल्ला घेतला आणि स्वतःला झाशीचा राजा म्हणून जाहीर केलं. हा पारोळ्याचा, कागदांत त्याला पारोळेवालाच म्हटलंय. राणीनं फौज पाठवून त्याला हाकललं, पुढं पकडून झाशीत कैदेत टाकलं. लक्षात घ्या, राणीच्या त्या काळातल्या पहिल्या लढायांतली ही एक लढाई आपल्याच खानदेशी दिराशी-पुतण्याशी होती. गौरवगाथेत हा प्रसंग घाईनं उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण पारोळ्याची शाखा एकाच वेळी गादीचा वारसही पुरवत होती आणि गादीचा दावेदारही.

एप्रिल 1858 मध्ये झाशी पडली. गोडसेभटजी शहरातच होते. कत्तलीबरोबरच वाड्यातल्या प्रसिद्ध ग्रंथसंग्रहाचा नाशही त्यांनी लिहून ठेवला आहे. मोरोपंत तांब्यांना पकडून फाशी दिलं. जूनमध्ये ग्वाल्हेरला राणी पडली. इकडं 1859 मध्ये जहागीरदार फितूर ठरवून पारोळ्याचा किल्ला सरकारनं ताब्यात घेतला आणि पाडापाडी केली. म्हणून नेवाळकरांची गोष्ट सांगायला आपल्याकडे जास्तीत जास्त कागद आहेत ते त्यांच्या विरोधकांचे.

पारोळ्याच्या त्या मुलाचं काय झालं? दामोदररावांच्या म्हणून ज्या आठवणी आहेत, त्यांच्यात काही विश्वासू माणसांबरोबर दोन वर्षं बुंदेलखंडाच्या जंगलात काढल्याचं वर्णन येतं. गावकरी भीतीनं आसरा देत नव्हते. झालरापाटणला शरणागती, आणि 5 मे 1860 रोजी इंदूर. सोबत सातच माणसं ठेवायची परवानगी, वर एक काश्मिरी मुन्शी पालक म्हणून. सरकारकडे अर्ज करत राहिले, झाशी मिळाली नाही. 28 मे 1906 रोजी ते इंदूरला वारले. इंदूर म्हणजे होळकरांचं गाव. ज्यांच्या फौजेत त्यांचे पूर्वज खानदेशात असताना चाकरी करत होते, त्यांच्याच राजधानीत.

या सगळ्या वाटेत बायकांची नावं किती आली, मोजा. लक्ष्मीबाई सोडल्या तर एकही नाही. वासुदेवरावांच्या पत्नीनं पाच वर्षांचा मुलगा दिला, ती कोण, कुठली, याची कुणी चौकशीच केली नाही, कारण दाव्यात तिचा उपयोग नव्हता. क्वेकरांच्या सभेत बायकांची बैठक वेगळी असायची, आणि तिची वही वेगळी.

इंदूरला या घराण्याचं आडनाव बदललं. नेवाळकर मागं पडलं आणि लोक त्यांना झाशीवाले म्हणू लागले. पुढच्या पिढ्यांतले काही नागपूरला गेले. तिथंही ते झाशीवालेच लावतात.