फोनच्या तारेवरचे गावकूस

आपल्याकडे इंटरनेटचा इतिहास १५ ऑगस्ट १९९५ पासून सांगतात. विदेश संचार निगमाने त्या दिवशी ही सेवा सर्वांसाठी खुली केली, हे वाक्य त्यात हमखास येते. 'सर्वांसाठी खुले' हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे १९२४ सालीच ठराव करून खुले केले होते. पाण्याला हात लागला तो १९२७ साली. म्हणून खुले केले म्हणजे नेमके काय केले, हे विचारायची आपल्याला सवय आहे.

फोन हवा, मॉडेम हवा, संगणक हवा, वर आगाऊ वर्गणी. एवढे जमले तरी खात्याचे प्रकार दोन होते. स्वस्त ते शेल खाते. त्यात आपला संगणक हा फक्त पडदा आणि कळफलक. खरे काम दूरच्या युनिक्स यंत्रावर चाले आणि इकडे केवळ अक्षरे येत. लिंक्स या ब्राउझरमध्ये चित्राच्या जागी कंसात 'इमेज' असा शब्द दिसे. दुसरे टीसीपी-आयपी खाते कितीतरी महाग. त्यात तुमच्या यंत्राला जाळ्यावर स्वतःचा पत्ता मिळे, चित्रे दिसत. तार तीच, मॉडेम तोच. भेद पैशाने पाडलेला होता.

आमच्या अभ्यासिकेत कुणा कचेरीने काढून टाकलेला ३८६ होता. स्मृती ४ मेगाबाइट, त्यावर विंडोज ३.१. सॉफ्टवेअर कोणते घ्यावे यावर आम्ही महिनाभर वाद घातला. २४ ऑगस्ट १९९५ ला आलेल्या विंडोज ९५ मध्ये फोनने जोडण्याची सोय अंगभूतच होती, आणि ते ३८६ वर, ४ मेगाबाइटमध्ये चालते असे कागदावर लिहिलेही होते. कागदावरच. प्रत्यक्षात प्रत्येक खिडकी उघडताना डिस्क कण्हत राही. ती वाट बंद. शेल खात्याला मात्र डॉसवरचे टेलिक्स किंवा प्रोकॉम पुरे होई. याहून जुन्या यंत्रावरही ते धावे.

तिसरी वाट ट्रम्पेट विनसॉकची. विंडोज ३.१ ला टीसीपी-आयपीची भाषा येत नव्हती. ती शिकवणारा हा छोटा प्रोग्राम टास्मानियातल्या पीटर टॅटम यांनी लिहिला. फोन लावणे, नाव विचारले की नाव देणे, परवलीचा शब्द देणे, हे सारे एका साध्या मजकुराच्या फाइलीत ओळीओळीने लिहून ठेवायचे. ती फाइल वाचता येई, बदलता येई. यंत्राच्या आत काय चालते ते मला प्रथम तिथे कळले. विनसॉक नावाची दुसरी एखादी फाइल डिस्कवर राहून गेली तर मात्र सगळे अडे, आणि त्यात आमच्या दोन रात्री गेल्या.

ट्रम्पेट वापरा, आवडले तर पैसे पाठवा, अशा विश्वासावर दिलेले होते. जगभर लाखोंनी ते वापरले, जोडणी विकणाऱ्या कंपन्यांनी आपल्या फ्लॉपीत घालून वाटले, आणि बहुतेकांनी लेखकाला काही दिले नाही. २०११ साली ही गोष्ट चर्चेत आल्यावर काही जणांनी उशिरा देणग्या पाठवल्या. आम्हीही दिले नव्हते. डॉलर कुठून आणणार, हे खरे. पण बलुत्याच्या नावाखाली राबवून घेण्यावर आम्ही त्याच खोलीत व्याख्याने देत होतो, हेही खरे.

शेवटी आम्ही शेल खातेच घेतले. आमच्यातला एक विद्यार्थी स्लर्प घेऊन आला. डॅनी गास्पारोव्स्की यांचा हा प्रोग्राम दूरच्या युनिक्स यंत्रावर आपल्या खात्यातून चालवला की शेल खाते महागड्या खात्यासारखे वागू लागे. स्वस्त दाराने शिरून आतल्या ओसरीवर बसण्याचाच हा प्रकार. पुष्कळ सेवादात्यांची त्याला मनाई असे. आम्ही तो चालवला. मला त्याची लाज वाटत नाही.

चित्रे आली, पण अर्धी. आमच्या जुन्या सिरियल पोर्टची चिप एका वेळी एकच अक्षर धरून ठेवी. विंडोज दुसऱ्या कामात गुंतले की पुढचे अक्षर गळून जाई. सोळा अक्षरे धरणाऱ्या १६५५० चिपचे कार्ड परवडेना, तेव्हा पोर्टचा वेग १९,२०० वर आणला. गती गेली, मजकूर वाचला.

खरी अडचण पुढे होती. सॉफ्टवेअर कोणतेही निवडा, मराठी कुठेच नव्हती. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड डॉसवर देवनागरी दाखवी, पण आमच्याकडे ते नव्हते. युनिकोडात देवनागरी १९९१ पासून होती, विंडोजमध्ये ती आली २००० साली. गावोगावच्या कार्यकर्त्यांशी बोलायचे तर रोमन अक्षरांत, म्हणजे ज्याला इंग्रजी लिपी सरावाची त्यानेच बोलायचे. अभ्यासिकेत येणाऱ्या वयस्क बायांनी साक्षरतेच्या वर्गात देवनागरी कष्टाने कमावली होती. त्या पडद्याकडे पाहून निघून गेल्या.

फोनचे मीटर पळू नये म्हणून पत्र आधी लिहून ठेवायचे, मग तार जोडायची. पहिल्या पत्राची सुरुवात 'जय भीम'ने करायची हे ठरलेलेच होते. रोमनमध्ये 'जय'च्या शेवटी आय लिहायचा की वाय, यावर अर्धा तास गेला.