कपाटावरील रंगाचे थर

गेल्या उन्हाळ्यात कंग्राळीच्या आमच्या घरातील स्वयंपाकघराचे कपाट आम्ही स्वहस्ते रंगवावयास काढले. दारांच्या कडा आणि मुठींभोवतीचा भाग टवके उडून विद्रूप झाला होता. बेळगावच्या वेशीलगतच्या या गावास पाऊस काही थोडा नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि जुनाट होऊन ताठरलेला रंग त्याच्याबरोबर हलू शकत नाही, तो तडकतो. त्यात फोडणीची वाफ आणि घरातल्यांचे तेलकट हात! एका टवक्याखाली आम्हांस हिरवा रंग दिसला, त्याखाली पिवळा आणि त्याहीखाली मळकट पांढरा. जमिनीच्या व्यवहारात जुने दस्त मागे मागे जाऊन तपासण्याची सवय जडलेल्या आमच्यासारख्या वकिलास हे थर म्हणजे त्या कपाटाचे फेरफारच वाटले. ते वाचू लागलो आणि काचपेपर धरलेला आमचा हात थांबला. तो का थांबला, हेच येथे सांगावयाचे आहे.

आपल्या पणजीच्या चुलीपाशी रंगविलेले कपाट नव्हते. शिंकाळे, उतरंड, कोनाडा आणि फार तर भिंतीतले फडताळ, एवढ्यावर संसार चाले. घाटावरचे स्वयंपाकघर काय किंवा गोमंतकातील रांदचीकूड काय, तेथील लाकडास रंग मिळे तो धुराचाच. खरा रंग चढे तो पाटावर, पाळण्यावर आणि देव्हाऱ्यावर. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीस गेले, म्हणजे चितारआळीत ही जुनी विद्या आजही पाहावयास मिळते. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकविली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. तेथील गंजिफांच्या पानांवर आधी चिंचोक्याच्या खळीचा आणि खडूचा लेप देत, मग चित्र काढीत. ही कला मावळू लागली तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताच्या साहाय्याने १९७० नंतरच्या काळात तिचे पुनरुज्जीवन केले. आजचा रंगारी रंगापूर्वी लाकडावर लांबी भरतो, तीही त्या चिंचोक्याच्या लेपाची दूरची बहीणच. वरचा रंग टिकावयाचा तर खालची बैठक पक्की हवी, हे चितारी ओळखून होते.

तेलरंग आपल्याकडे सर्वत्र पोहोचला तो इंग्रजी अमदानीत. हावड्यास १९०२ साली रंगाचा मोठा कारखाना निघाला. पुढे दुसऱ्या महायुद्धात परदेशी रंगाची आयात आखडली, तेव्हा १९४२ साली मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स ही कंपनी काढली, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली तिच्यासाठी रेखाटलेला, हातात रंगाचा डबा घेतलेला खट्याळ गट्टू पुष्कळांस आठवत असेल. रंगारी बोलाविण्याची ऐपत नसलेल्या घरीही दिवाळीपूर्वी कपाटावर ब्रश फिरू लागला.

परंतु तेलरंगाच्या इतिहासाचे एक काळे पान आहे. जुना पांढरा रंग म्हणजे सफेता, आणि सफेता म्हणजे शिसे. शेंदूरही शिशाचाच. उजळ पिवळ्या आणि नारिंगी रंगांतही शिशाची संयुगे असत. रंग लवकर वाळावा म्हणूनही ती घालीत. ही गोष्ट विषारी आहे, हे रोमन वास्तुविशारद व्हित्रूव्हियस याने दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते. १९०४ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी दाखवून दिले, की व्हरांड्याच्या कठड्यांवरील आणि भिंतींवरील रंगाची भुकटी हातांवाटे पोटात जाऊन मुलांस शिशाची बाधा होते. १९२१ साली जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने इमारतींच्या अंतर्भागात सफेता वापरण्यावर काही अपवाद वगळून बंदी घालणारा करार संमत केला. तो रंगाऱ्यांच्या रक्षणासाठी होता. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिसे १९७८ साली रोखले.

आणि आपण? पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ खाली घरगुती रंगांतील शिशाविषयीचे नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजी प्रसिद्ध झाले आणि वर्षभराने अंमलात आले. दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, अशी त्यांनी मर्यादा घातली. त्यापूर्वी मानक होते, पण ते पाळणे ऐच्छिक होते. सीमाभागातील माणसास १ नोव्हेंबर ही तारीख १९५६ पासून वेगळ्या कारणाने पाठ आहे. ती याही कारणाने ध्यानात ठेवावी. ब्रिस्बेनच्या इशाऱ्यापासून आपल्या नियमापर्यंत शंभराहून अधिक वर्षे गेली. शिवाय नियम दुकानातल्या नव्या डब्यास लागू होतो. आमच्या कपाटावर पूर्वीच बसलेल्या थरांस तो हात लावू शकत नाही. तेथे घरमालकाचा विवेक हाच कायदा.

म्हणून जुने कपाट रंगवावयास काढणाऱ्या वाचकांस आमची विनंती आहे. जो रंग घट्ट आहे, तो खरवडू नये. त्यावर नवा थर देऊन तो झाकावा. जेथे टवके उडाले आहेत, तेथे आधी सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढावा, आणि काचपेपर पाण्यात भिजवूनच फिरवावा, म्हणजे धूळ उडणार नाही. कोरडे घासणे आणि ज्योतीने रंग जाळणे हे दोन्ही टाळावे. तान्ही मुले आणि गर्भवती स्त्रिया यांस त्या खोलीत फिरकू देऊ नये. शिशाची अमुक मात्रा निर्धोक, असे आजचे वैद्यक मानीत नाही. डबे-भांडी आधी हलवावीत. निघालेले टवके कागदात बांधून दूर करावेत. ते चुलीत वा परसात टाकू नयेत. मग लांबी, अस्तर आणि शेवटी रंगाचे दोन पातळ हात. तेलरंग हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होतो, म्हणून पहिला हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये.

आम्ही तसेच केले. दोन दिवसांचे काम आठ दिवस चालले आणि घरातील मंडळींची बोलणीही खावी लागली. शेवटी दाराच्या आतल्या बाजूस, सहसा कोणाच्या दृष्टीस पडणार नाही अशा जागी, आम्ही रंगाची जात आणि वर्ष पेन्सिलीने लिहून ठेवले. खाली जुने तीन थर तसेच आहेत, हेही नोंदविले. पुढे कधी हे कपाट दुसऱ्या कोणाच्या हाती खरवडावयास जाईल, तेव्हा त्यास निदान आधीचा दस्त वाचावयास मिळेल.