१२ नोव्हेंबरच्या दोन नोंदी

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची आणि १२ तारीख सलीम अलींच्या. नेमक्या याच दिवसांत उत्तरेकडचे पाहुणे आपल्याकडे उतरत असतात. मग आपल्या मोहल्ल्यांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सलीम अलींचा फोटो फिरतो आणि त्याखाली ‘कौम की शान’ लिहिलेले असते. अभिमान वाटावा असाच हा माणूस होता. पण त्यांनी नेमके काय केले, हे त्या फोटोखाली क्वचितच असते.

सलीम अलींचा जन्म १८९६चा, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवले. १९०८च्या सुमारास छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ती कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तिथले सचिव मिलर्ड यांनी त्यांच्यासमोर पक्ष्यांच्या संग्रहाचे कपाट उघडले. पुढचे सारे आयुष्य त्याच प्रश्नामागे गेले.

१२ नोव्हेंबर या तारखेची आणखी एक नोंद आहे, ती राजस्थानातल्या भरतपूरच्या तळ्याकाठी दगडावर कोरलेली. १९३८ साली त्या दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. सलीम अली त्या दिवशी ४२ वर्षांचे झाले होते. पाहायला गेले तर तो दगडही हिवाळी पक्ष्यांची गणतीच आहे, फक्त मेलेल्यांची.

पुढे त्याच भरतपुरात सलीम अलींच्या नेतृत्वाखाली सोसायटीने वेगळी गणती केली. पक्षी पकडायचा, पायात क्रमांकाचे कडे घालायचे आणि सोडून द्यायचे. कडे सापडल्यास मुंबईला कळवा, असा मजकूर त्यावर असे. या कामाला जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती, कारण १९५७मध्ये कर्नाटकात आढळलेल्या क्यासनूर तापाचा संबंध स्थलांतरित पक्ष्यांशी आहे का, हे तपासायचे होते. भरतपुरात कडे घातलेली बदके थेट सायबेरियात सापडली. आपल्या तळ्यावरचा पाहुणा कुठून येतो, याचा पुरावा हाती आला.

या इतिहासाला एक दुखरी बाजूही आहे. भरतपूरच्या उद्यानात म्हशी चारू नयेत, हे मत सलीम अलींनी जोरकसपणे मांडले होते. १९८२मध्ये चराईबंदी झाली, गावकरी चिडले, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. नंतर त्यांच्याच संस्थेने अनेक वर्षे अभ्यास केला आणि निष्कर्ष उलटा निघाला. म्हशी गेल्याने पाण्यात गवत माजले आणि पक्ष्यांना मोकळे पाणी कमी पडू लागले. मेलेल्यांना याचा उपयोग नव्हता. तरी गुरूचे मत खोडणारी नोंद शिष्यांनी लपवली नाही, ही गोष्ट मला मोलाची वाटते. आपण थोर माणसांना इतके थोर करून ठेवतो की त्यांची चूक दाखवणे म्हणजे गुस्ताखी वाटू लागते.

नोंद नसेल तर काय गेले हेही कळत नाही. जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने सायबेरियन क्रौंचाचे चित्र काढले होते. सुमारे चार शतके उलटल्यावर २००१-०२च्या हिवाळ्यात भरतपूरला त्याची अखेरची जोडी आली आणि नंतर कुणीच आले नाही. दोन्ही टोकांना कुणीतरी पाहून ठेवले होते, म्हणून हे सांगता येते.

आपल्याकडे गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर २०२०मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. उजनीच्या पाण्यावर पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात. पण एवढे लांब जायचीही गरज नाही. आमच्या मशिदीच्या हौजाच्या काठावर थंडी पडताच धोबी येतो, शेपटी खालीवर हलवत वजूच्या पाण्याजवळ किडे टिपतो. नमाजी त्याला रोज पाहतात, मात्र तो कोणत्या तारखेला आला हे कुणालाच सांगता येत नाही.

यंदा फोटो जरूर पाठवा. त्यासोबत आपल्या हौजावर, विहिरीवर, ज्वारीच्या शेतात कोण आले, किती आले, कोणत्या दिवशी आले, एवढेही लिहा. पुढच्या हिवाळ्यात ते आले नाहीत, तर निदान विचारता तरी येईल.