परसात कोंबड्या पाळायच्यात? आधी एवढं बघा

देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी 2006 मध्ये सीमेवरच्या नवापुरात सापडला. लगतच्या उच्छलमध्येही कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. म्हणून सचिन परिसरात सुरुवात दहा पिलांपासूनच करावी. परसासाठी वनराजा, गिरिराज या जाती काटक.

पहिल्या आठवड्यात बल्बखाली सुमारे 35 अंश ऊब हवी. पिलं गोळा झाली तर गारठलीत, दूर पळाली तर उकडतंय.

मानमोडीची लासोटा लस पहिल्या आठवड्यात, पुन्हा चौथ्या आठवड्यात द्यावी. बाटली शंभरेक पिलांची असते, फोडल्यावर टिकत नाही. शेजाऱ्यांनी मिळून घ्यावी.

अचानक मरतुक झाली तर कोंबडी विकू-खाऊ नये. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.